तिरकं माप

दुकानात एकतीस टीव्ही चालू होते. तेवीस एलसीडी, आठ प्लाझ्मा. बत्तिसावा कोपऱ्यात बंद होता आणि त्याच्या काळ्या काचेत आम्ही तिघं दिसत होतो: बाबा, मी आणि आमच्यापासून दोन पावलांवर उभा असलेला टायवाला विक्रेता. चालू असलेल्या सगळ्या पडद्यांवर एकच चित्रफीत होती. निळ्या पाण्यात पिवळे मासे, मग दर नव्वद सेकंदांनी तीन सेकंद पडदा नुसता पांढरा, की पुन्हा मासे. छतावर अठ्ठेचाळीस ट्यूबलाइट. बसायला खुर्ची एकही नाही.

बाबांनी यातलं काहीच मोजलं नाही. ते खाली बघत होते.

"गालिचा झिजलाय," ते म्हणाले. "फक्त इथेच."

खरंच होतं ते. एलसीडींच्या रांगेसमोर, बरोबर मधोमध, दोन पावलं मावतील एवढा तुकडा पांढरट पडला होता. आम्ही त्याच्यावरच उभे होतो. आत आल्यावर "या काका, इथे या, इथून बघा" म्हणत टायवाल्याने आम्हाला तिथे आणून उभं केलं होतं.

बाबा एकतीस वर्षं वजनमाप खात्यात निरीक्षक होते. बाजारात त्यांचं नाव 'काटा' पडलं होतं, दोन्ही अर्थांनी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी भाजीवाला त्यांना बघून तराजू पुसायला घेतो. त्यांचा एक नियम मी लहानपणापासून ऐकत आले आहे: तराजूकडे बघू नये, दुकानदार आपल्याला कुठे उभं करतो ते बघावं.

त्यांनी खिशातून टेप काढला आणि एका पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत लावला.

"त्र्याण्णव," ते म्हणाले. मग टायवाल्याकडे वळले. "वर काय लिहिलंय?"

"बेचाळीस इंची, काका."

"बेचाळीस इंच म्हणजे एकशे सहा सेंटिमीटर. वर सात मिलिमीटर. ते सोडले तुम्हाला. तेरा सेंटिमीटर कुठे गेले?"

टायवाला माझ्याकडे बघून हसला. मी हसले नाही. तो म्हणाला, "काका, टीव्ही कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. तिरका."

"का?"

"पहिल्यापासून तसंच मोजतात."

"उद्या कापडवाल्याने कापड तिरकं मोजून दिलं तर चालेल तुम्हाला? सदरा शिवून झाल्यावर बाही कोपरापर्यंतच येईल."

मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की सगळ्या जगात तसंच मोजतात, यात फसवणूक नाही. त्यांनी टेप तिरका लावला. एकशे सहा पूर्णांक सात आले. ते थोडे नाराज दिसले. मग त्यांनी दोन्ही प्रकारांची मॉडेलं खिशातल्या वहीत टिपून घेतली. एका प्लाझ्माच्या किमतीची चिठ्ठी त्यांनी नखाने जरा उचलून बघितली. खाली दुसरी चिठ्ठी होती, तिच्याखाली तिसरी, तिच्याखाली चौथी.

"चांगला माल आपण होऊन खाली येत नाही," ते मला हळूच म्हणाले. "कुठेतरी पाणी मुरतंय."

आम्हाला टीव्ही हवा होता तो आईसाठी. आई घरी शिवणकाम करते. तिच्या मानेचे दोन मणके झिजले आहेत आणि मान उजवीकडे वळवली की तिला गरगरतं. डॉक्टरांनी मानेला पट्टा दिला आणि सांगितलं, दर वीस मिनिटांनी सुईवरची नजर काढायची, मान सरळ उचलायची आणि दोन मिनिटं लांबचं बघायचं. हे जमलं नाही तर सहा महिन्यांत मशीन कायमचं बंद. आई दर वीस मिनिटांनी समोरची भिंत बघायची. चार दिवस बघितली. पाचव्या दिवशी म्हणाली, "भिंतीत काय बघायचं? तिला मी पाठ झालेय." आणि पुन्हा सलग तीन-तीन तास मान खाली.

तेव्हा भिंतीवर काहीतरी असायला हवं, हे ठरलं. जुना टीव्ही कपाटाच्या खणात, आईच्या पाठीमागे होता. अकरा वर्षं ती मालिका ऐकत आली आहे. कुठलं पात्र चांगलं आणि कुठलं वाईट ते ती आवाजावरून सांगते आणि बहुधा चुकत नाही.

अडचण जागेची होती. काळ्या कापडावर काळा दोरा दिसायला उजेड लागतो, म्हणून मशीन खिडकीपासून हलवता येत नाही. समोरच्या भिंतीवर टीव्हीला एकच जागा होती. आम्ही मशीन थोडं फिरवलं, म्हणजे आईने मान वर केली की नजर थेट त्या जागेवर. पण टीव्ही भिंतीला चिकटून सरळ बसणार, आईकडे वळणार नाही. टीव्ही वळवायचा लोखंडी हात बसवून देतो का, असं गवंड्याला विचारलं, तर त्याने भिंतीवर बोटाने टकटक केली आणि म्हणाला, "ताई, ही भिंत आहे तशी उभी आहे हेच खूप आहे." म्हणजे आई टीव्ही बघणार ती तिरकी. मी कोनमापक घेऊन मोजलं. पडद्याच्या अगदी समोरच्या रेषेपासून पंचावन्न अंश.

एलसीडी बाजूने बघितला की फिका पडतो, हे मी वाचलं होतं. किती पडतो ते कुणीच लिहिलं नव्हतं. सगळे समोर सोफ्यावर बसून बघतात असं धरूनच लिहिलेलं असतं.

"आता मुद्द्याचं सांगा," दुकानात बाबा टायवाल्याला म्हणाले. "दोन्हींत चांगलं काय?"

"एलसीडीच, काका. प्लाझ्मामध्ये गॅस असतो. दोन-तीन वर्षांत उडून जातो. परत भरायला लागतो."

"कोण भरतं?"

"कंपनीचा माणूस येतो."

"तुम्ही बघितलाय त्याला?"

"मी इथे आठच महिने झाले लागलोय."

घरी येताना मी बाबांना सांगितलं की तो गॅस काचेत बंद असतो, तो भरायला कुणी येत नाही.

"मला माहीत नव्हतं," बाबा म्हणाले. "पण त्यालाही नव्हतं. ते दिसलं."

पंधरा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. प्लाझ्मा आठांचे पाच झाले होते. चिठ्ठ्या चारांच्या सहा. टायवाल्याने या वेळी आम्हाला झिजलेल्या तुकड्यावर नेलं नाही. उलट दंडाला धरल्यासारखं करत प्लाझ्माकडे घेऊन गेला.

"काका, तुमच्यासाठी प्लाझ्मा. काळा रंग बघा, काजळासारखा."

"आणि गॅस?"

"नव्या मॉडेलमध्ये सील असतं."

बाबांनी वही काढली, पान उलटलं, टीव्हीच्या कडेवरचा नंबर बघितला. "मॉडेल तेच आहे. पंधरा दिवसांत गॅस बसला वाटतं जागेवर."

टायवाल्याने आजूबाजूला बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "काका, खरं सांगू? साहेब सोमवारी सांगतात काय विकायचं ते. मी तेच सांगतो. गिऱ्हाईक कुठे उभं करायचं तेही तेच सांगतात."

बाबा त्या दिवसात पहिल्यांदाच त्याच्याशी बरं बोलले. "हे आधी सांगायचं होतं. नोकरी आहे तुमची, समजतं मला."

मी कॉलेजच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत काम करते. तिथला उजेड मोजायचा मीटर मी सही करून दोन दिवसांसाठी आणला होता. त्याच्या डोळ्यावर काळ्या कागदाची नळी चढवली होती, म्हणजे ट्यूबलाइटचा उजेड आत शिरणार नाही. पडदा पांढरा होतो त्या तीन सेकंदांत मोजायचं होतं. आधी समोरून, मग पंचावन्न अंशांतून.

"तीन वेळा," बाबा म्हणाले. "एकदा मोजलेलं म्हणजे ऐकीव."

प्रत्येक वेळी अंतर सारखं राहावं म्हणून टायवाल्याने पडद्यापासून दोरी धरली. नव्वद सेकंदांच्या अंतराने आम्ही बारा वेळा मोजलं. मासे येत होते, जात होते. दुसरं एक जोडपं थोडा वेळ थांबून बघत राहिलं आणि काही न विचारता निघून गेलं. समोरच्या उजेडाला शंभर धरलं तर तिरकं बघताना एलसीडीचे अडतीस उरत होते, प्लाझ्माचे एक्याण्णव.

"झालं तर मग," मी म्हणाले.

बाबांनी आकडे वहीत उतरवून घेतले, वही मिटली, टायवाल्याचे आभार मानले आणि बाहेर पडल्यावर म्हणाले, "प्लाझ्मा गरम होतो म्हणे."

मी थांबले. "किती?"

"होतो. खोली लहान आहे आपली."

दुसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, प्लाझ्मा वीज जास्त खातो. हे खरं होतं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, वाहिनीचा शिक्का कोपऱ्यात सतत राहिला की काचेवर त्याचा डाग कायमचा बसतो. हेही अर्धं खरं होतं. चौथ्या दिवशी म्हणाले, जड आहे, गवंडी काय म्हणाला आठवतंय ना. मी वजनं काढून दाखवली. फरक आठ किलोंचा होता आणि भिंतीला सरळ टेकलेलं वजन चालेल असं गवंडी त्याच दिवशी म्हणाला होता.

बाबांचा आणखी एक नियम आहे: दुकानदार एक कारण सांगतो तेव्हा ते खरं असू शकतं, तीन सांगतो तेव्हा चौथं लपवतो. त्यांची चार झाली होती.

त्या आठवड्यात आईचा छोटा आरसा हरवला. मशीनच्या खणात असायचा, टाचण्या तोंडात धरून झाल्या की ती ओठ बघायची त्यात.

"अहो, आरसा बघितलात का माझा?"

"मी कशाला बघू आरशात? आता काय नवीन दिसणार आहे?" बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले.

तो मला सापडला. टीव्ही जिथे लावायचा त्या भिंतीवर कॅलेंडर आहे. ते एका कडेने जरा फुगलेलं दिसलं. मागे आरसा होता, नवीन खिळ्याला टांगलेला, जमिनीपासून बरोबर तेवढ्याच उंचीवर जिथे पडद्याचा मध्य आला असता. भिंतीवर पेन्सिलीने पडद्याचे चार कोपरे आखलेले होते. बाबांच्या पेन्सिलीचं टोक चपटं असतं, रेघ ओळखू येते.

मी कॅलेंडर काढलं आणि मशीनच्या स्टुलावर बसून आरशात बघितलं. बाथरूमचं तपकिरी दार दिसलं. काळोखं, शांत. मग बाबांच्या खुर्चीत बसले. दुपारचे चार वाजले होते. आरशात अख्खी खिडकी पेटलेली होती. डोळे मिटावे लागले.

प्लाझ्माची काच आरशासारखी असते. एलसीडीचा पडदा खडबडीत असतो, त्यात खिडकी दिसत नाही. म्हणजे प्लाझ्मा घेतला तर आईला सगळं दिसणार होतं आणि बाबांना त्यांच्या खुर्चीतून खिडकी. पाचवं कारण मिळालं. खरं म्हणजे तेच पहिलं होतं.

मला राग आला. बाबांसारखं मी कागदावर उतरवलं. एकीकडे अडतीस आणि एक्याण्णव, एकीकडे खुर्ची. संध्याकाळी आई फिरायला खाली गेली तेव्हा कागद त्यांच्यासमोर ठेवला.

"चार कारणं सांगितलीत," मी म्हणाले. "पाचवं कॅलेंडरमागे होतं."

त्यांनी कागद वाचला. ते निरीक्षक असताना त्यांच्या नोटिसा व्यापारी जशा वाचत असतील, तसा.

"आरसा काढलास?"

"जागेवर ठेवला. आईच्या खणात."

"बरं केलंस."

"बाबा, खुर्ची सरकवली तर झालं. थोडीशी."

"खुर्ची हलत नाही."

त्यांनी ते सपाट आवाजात सांगितलं. त्याचं कारण मला माहीत होतं. आमच्या बाहेरच्या दारापासून खोलीपर्यंत एक अरुंद पॅसेज आहे. घरात एकच जागा अशी आहे जिथून त्या पॅसेजमधून थेट दार दिसतं, आणि तिथे एकवीस वर्षं बाबांची खुर्ची आहे. मी शाळेत असताना एक धान्यवाला घरी आला, मी दार उघडलं, त्याने एक खोकं आत ठेवलं आणि तो निघून गेला. खोक्यात काय होतं मला कधी कळलं नाही. बाबांनी ते त्याच पावली परत नेलं. तरी चौकशी झाली, कारण दुसऱ्या दिवशी तो माणूस सगळीकडे सांगत सुटला की काट्याने खोकं घेतलं. तीन महिने बाबा घरी होते. त्यानंतर कुणी काही खाली ठेवायच्या आत त्यांना दार दिसायला हवं असतं. ते निवृत्त झाले. खोकी आणणारे केव्हाच थांबले. खुर्ची तिथेच राहिली.

"आता कोण येणार आहे?" मी विचारलं.

"कोणी नाही," ते म्हणाले. "तरी."

आई वर आली. तिने आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि पट्ट्यामुळे मान न वळवता, सगळं अंगच वळवून कागदाकडे बघितलं.

"काय ठरलं?"

"काही नाही," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"मला काहीही चालेल. मी ऐकते की," ती म्हणाली आणि मशीनवर बसली. मी घड्याळ लावलं. एक तास दहा मिनिटं तिने मान वर केली नाही.

शनिवारी प्रयोगशाळेत मुलांची परीक्षा होती. बाबा सकाळीच म्हणाले, दुकानात जाऊन येतो. मी बरोबर येते म्हटलं, उद्या जाऊ म्हटलं. ते म्हणाले, "उद्या भाव उतरेल, पण माल उरणार नाही." कुठला माल, ते सांगितलं नाही. मी दिवसभर मुलांच्या लंबकांचे झोके मोजत राहिले आणि मनात त्यांच्यासाठी सहावं कारण तयार करत होते. एकटे गेले, म्हणजे एलसीडीच. नाहीतर मला टाळलं नसतं.

पाच वाजता घरी आले. पॅसेजमध्ये रिकामं खोकं उभं होतं. त्यावर प्लाझ्मा लिहिलं होतं. मी मॉडेलचा नंबर वाचला. वहीतलाच होता. खोक्यावर एक आणि आत वेगळंच असं बाजारात होतं, म्हणून आत गेले. टायवाला स्वतः येऊन बसवून गेला होता, आई म्हणाली, आणि आज त्याने टाय घातला नव्हता.

आई मशीनवर होती. पाय थांबले होते, हात कापडावर, मान वर. पडद्यावर तिची मालिका चालली होती.

"ही ती मोठी जाऊ," ती मला म्हणाली. "आवाजावरून मला वाटायचं जाड असेल."

मी मीटर परत केला नव्हता. नळी लावून जाहिरातीतल्या एका पांढऱ्या पडद्यावर आईच्या जागेवरून मोजलं, मग समोरून. नव्वद आले. दुकानापेक्षा एक कमी.

"तीन वेळा," बाबा म्हणाले.

ते खुर्चीत बसून मालिका बघत होते. ती त्यांनी कधी बघितली नव्हती. आईला विचारून विचारून चालू होतं, ही कोण, हा तिचा कोण. आई उत्तरं देत होती आणि प्रत्येक उत्तराला मान वरच होती.

तेवढ्यात दाराची घंटी वाजली.

बाबा खुर्चीत पुढे झुकले. मग मागे टेकले.

"कोण आहे गं?" त्यांनी विचारलं.

त्यांनी हा प्रश्न विचारलेला मी पूर्वी ऐकला नव्हता. दारात शेजारच्या काकू होत्या, परकराची शिलाई विचारायला आलेल्या. मी त्यांना आत घेतलं आणि परत येताना जमिनीकडे बघितलं. फरशीवर, पॅसेजच्या समोर, चार गोल फिकट खुणा होत्या, एकवीस वर्षं खुर्चीचे पाय टेकल्याच्या. त्यांच्यावर आता काहीच नव्हतं.

बाबांचा टेप टीव्हीखालच्या फळीवर होता. मी तो घेतला आणि पुढच्या डाव्या खुणेपासून पुढच्या डाव्या पायापर्यंतचं अंतर तीनदा मोजलं. तिन्ही वेळा त्र्याऐंशी सेंटिमीटर आलं.